रेसचा खिळा

आमच्या भातगिरणीच्या इंजिनाला रेस वाढवायची एक लोखंडी दांडी होती. ती जितकी उजवीकडे ढकलावी तितकं इंजिन जोरात पळे. बाबांनी त्या दांडीच्या शेजारी सागाची एक पट्टी ठोकली होती आणि पट्टीवर एक खिळा मारला होता. दांडी खिळ्याला टेकली की पुढे जायची नाही. इंजिन किती पळणार हे तो खिळा ठरवायचा, आणि खिळा कुठे मारायचा हे ठरवलं होतं शेजारच्या काकीनं.

कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. गिरणी आणि काकीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, दोघांची मिळून. आमच्या बाजूनं त्या भिंतीपासून चार हातांवर इंजिन बसवलेलं, तिच्या बाजूनं त्याच भिंतीला भांड्यांची मांडणी. काकीचे यजमान रेल्वेत गँगमन होते. घर नीटनेटकं, मांडणी त्याहून नीटनेटकी. उभी लावलेली स्टीलची ताटं, त्यांच्यावर वाट्या, सगळ्यांत वर पितळेचे तांबे. इंजिन फुल्ल केलं की ताटं एकमेकांवर आपटून वाजू लागत आणि वाट्या सरकत सरकत कडेला येत. एकदा एक तांब्या खाली पडला. त्याला पोचा आला. तो तांब्या हातात धरून काकी गिरणीत आली आणि भात भरडायला आलेल्या सगळ्यांसमोर तिनं तो बाबांपुढे ठेवला.

"भावजी, याच्यात पाणी भरून दावा."

तांब्या एका अंगावर कलला. पाणी सांडलं. लोक हसले. बाबा हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी खिळा ठरला. मी तेव्हा शाळेत होतो आणि हे सगळं मला पाठ आहे, कारण पुढे वर्षानुवर्षं दोघांनी ते आपापल्या परीनं सांगितलं. भिंतीत वरच्या बाजूला हवेसाठी एक झरोका होता. काकी मांडणीसमोर उभी राहिली, बाबा इंजिनापाशी. बाबांनी दांडी पुरती ढकलली.

"वाजतात," झरोक्यातून आवाज आला.

बाबांनी दांडी थोडी मागे घेतली.

"वाजतात."

आणखी थोडी.

"वाजतात, पण हळू."

आणखी थोडी. आता झरोक्यातून काहीच येईना.

"वैनी, झोपलात काय?"

"भांडी झोपलीत. हितंच ठेवा."

बाबांनी खडूनं खूण केली आणि खिळा मारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा उजवीकडे सरकवला, कुणाला कळणार नाही अशा बेतानं. दुपारी काकीनं भिंतीवर उलथन्यानं दोन ठोके मारले. खिळा परत जागेवर गेला. त्यानंतर तो हलला नाही.

ही दोन घरं भांडत होती असं मात्र समजू नये. बुद्धपौर्णिमेला काकीकडून आमच्याकडे खीर यायची, दिवाळीला आमच्याकडून तिच्याकडे फराळ जायचा, आणि मधल्या दिवसांत कुरबूर चालायची. कुरबूर थांबली की आई म्हणे, "काकीला बरं नाही वाटतं," आणि बघायला जाई.

गिऱ्हाइकांना मात्र तो खिळा करमणुकीचा विषय झाला. हंगामात गिरणीच्या दाराशी पोती लागत. नंबर लवकर येत नसे. बसलेली माणसं बाबांना टोचत.

"इंजिनाला झोप लागलीय काय?"

"त्याला काकीनं शपथ घातलीय. जोरात पळायचं नाय."

"मग आमी पोती उचलून काकीकडंच नेतो. उखळ हाय तिच्याकडं."

बाबा सांगत, हळू चालवल्यानं कणी कमी पडते, तांदूळ अख्खा निघतो. हे ते इतक्या वेळा सांगत की पुढे त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. मी कॉलेजात असताना एकदा एकाच पोत्यातलं भात दोन वेगांनी भरडून, कणी चाळून वजन केली होती. फरक निघाला, पण आमच्या काट्याची चूकच त्याहून मोठी होती. बाबांना मी तो आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही.

खिळा कधीच काढायचा नाही असं नव्हतं. डोंगरावरच्या वाडीतल्या बाया डोक्यावर भात घेऊन पायवाटेनं खाली यायच्या. त्यांना अंधार पडायच्या आत वर चढायचं असे. एखाद्या दिवशी गर्दी असली आणि उन्हं कलायला आली की बाबा काकीच्या दारात जात. तिथं काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

"वैनी, वाडीच्या बाया अडकल्यात."

"किती पोती?"

बाबा आकडा सांगत. काकी उठून मांडणीवरची भांडी उतरवी, गोधडीवर रचून ठेवी. मग बाबा पकडीनं खिळा उपटत आणि तो तिच्या हातात देत. खिळा बाहेर असेपर्यंत तो काकीकडेच राहायचा, मांडणीच्या रिकाम्या फळीवर. बायांचं भात भरडून झालं, रेस खाली आली, की काकी खिळा घेऊन यायची आणि बाबा तो ठोकेपर्यंत समोर उभी राहायची. मगच भांडी परत वर चढत. इंजिन फुल्ल चालायचं ते असं वर्षातून थोड्याच वेळा. तेव्हाचा आवाज वेगळा असे. एरवी एकेक ठोका सुटा ऐकू यायचा, फुल्लवर ते ठोके एकमेकांत मिसळून जात आणि पत्र्याच्या छपरावरचा कोंडा बारीक धुरळ्यासारखा खाली येई. बाबा त्या वेळी दांडीवर हात ठेवून सरळ उभे राहत.

इंजिन चालू करायला दोन माणसं लागत. वरची कळ उघडली की सिलिंडरातला दाब सुटतो आणि हँडल फिरवता येतं. एकानं हँडल मारून मोठं चाक वेगात आणायचं, दुसऱ्यानं नेमक्या क्षणी कळ पाडायची. लवकर पाडली तर हँडल हाताला झटका देतं, उशिरा पाडली तर हँडलवाला दमतो. हात पुरता भरल्यापासून हँडल माझं आणि कळ बाबांची. ते माझ्याकडे बघायचे नाहीत, चाकाकडे बघायचे. "हां," म्हणायचे आणि कळ पडायची. पहिला ठोका छातीत बसायचा.

त्या इंजिनामुळे मी जहाजावर गेलो असं म्हणणं फार होईल. बारावीला गुण बरे पडले आणि कर्जतच्या एका ओळखीच्या माणसानं मरीन इंजिनिअरिंगची माहिती आणून दिली, एवढंच. पण पहिल्यांदा जहाजाच्या इंजिनखोलीत उतरलो तेव्हा मी काय शोधलं ते आठवतं. तीन मजली इंजिन, एकेका सिलिंडरात माणूस उभा राहील एवढं, आणि मी शोधत होतो रेसची दांडी.

पुढे मी चीफ इंजिनिअर झालो. लग्न, मुलं, गावातच जुन्या घरामागे बांधलेलं नवं घर, आणि वर्षातले काही महिने समुद्रावर, असा संसार चालत राहिला. मग तो नियम आला. जहाजांच्या धुरातून हवेत जाणारा कार्बन कमी व्हावा म्हणून जगभरच्या मोठ्या जहाजांना तो लागू झाला. प्रत्येक जहाजाचा एक आकडा काढायचा. ठरावीक वजनाचा माल ठरावीक अंतर न्यायला हे जहाज किती कार्बन सोडतं, असा तो हिशेब. आकडा मर्यादेच्या वर गेला तर काहीतरी करणं भाग. सुधारित यंत्रणा बसवा, नाही तर आहे त्या इंजिनाची ताकदच बांधून टाका. आमचं जहाज जुनं होतं, कोळसा आणि खनिजं वाहणारं. कंपनीनं ताकद बांधायचं ठरवलं.

यातला हिशेब मला आवडतो म्हणून सांगतो. पाण्यात वेग आणि ताकद यांचं नातं सरळ नसतं. वेग दहा टक्के कमी केला तर ताकद दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी कमी लागते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग फार महाग असतो. ताशी चौदा सागरी मैल जाऊ शकणारं आमचं जहाज साडेबारावर अडवलं, तर इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद वापराबाहेर जाते आणि तासाला जवळजवळ तेवढंच इंधन वाचतं. एरवी आम्ही साडेबाराच्याही खालीच चालत होतो, तेल महाग असल्यामुळे. त्यामुळे रोजच्या कामात फारसा फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो फक्त घाई असेल तेव्हा.

गोदीत तंत्रज्ञ आला. इंधनाचे पंप ज्या आडव्या दांड्यानं हलतात त्या दांड्याच्या वाटेत त्यानं पोलादाचा अडसर बसवला, बोल्ट आवळले, बोल्टांतून तार ओवली आणि तारेला शिशाचा शिक्का मारला. मग नियम समजावून सांगितला. जहाजाला किंवा माणसांच्या जिवाला धोका असेल तरच शिक्का तोडायचा. तोडला तर कारण लिहून ठेवायचं, वर कळवायचं, आणि धोका टळला की मर्यादा पुन्हा लावून घ्यायची. मी हसू लागलो. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमच्याकडे हे जुनं आहे. पुढे सांगत बसलो नाही. काकीची मांडणी इंग्रजीत सांगणं मला जमलं नसतं.

घरी फोनवर मात्र सगळं सांगितलं. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि भांडी कुणाची?"

पुढच्या वेळी जहाजावर जायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी बाबा गिरणीत बसले होते. हंगाम तोंडावर आला होता, पण दाराशी पूर्वीसारखी पोती लागणार नव्हती. लोक आता विजेच्या गिरणीवर जातात, बरेचजण भात तसंच विकतात. बाबांची नजर मंदावली होती. इंजिनाचा सुटा भाग हवा असला की चौकच्या गॅरेजवाल्याकडून मापानं बनवून घ्यावा लागे.

"या हंगामाचं झालं की बंद," ते म्हणाले. "कुंभिवलीचा भंगारवाला नेतो म्हणालाय."

ते बरोबरच होतं.

"एकदा फुल्ल चालवू. मग बंद करू," बाबा म्हणाले. "लई वर्षं झाली. वाडीच्या बाया पण येत नाय आता. त्यांना वरपर्यंत रस्ता झाला." मग म्हणाले, "हँडलला तू ये."

"गडी आहे की."

"गडी रोजचा. ह्याला तू ये."

येतो, असं मी म्हणालो. परतीची तारीख बघूनच म्हणालो होतो, त्यात आठ-दहा दिवसांची सवड होती.

ती सवड दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात संपली. कोळसा भरायला जहाजांची रांग लागली होती आणि आम्ही बाहेर नांगर टाकून पडून राहिलो. रोज बायकोचे निरोप येत. हंगाम संपला. गडी वीटभट्टीवर गेला. भंगारवाल्याला बाबांनी दोनदा पुढे ढकललं. शेवटी तो म्हणाला, सोमवारी टेंपो आणतो, नंतर माणसं मिळायची नाहीत.

"गावातली पोरं मारतील की हँडल," मी बायकोला म्हणालो.

"मी तेच म्हटलं. बाबा म्हणाले, येईल तो."

"आणि नाही पोचलो तर?"

"तेही विचारलं. म्हणाले, मग तसंच न्या. चालू न करता."

जहाज निघालं तेव्हा मी हिशेब केला. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे चार हजार सागरी मैल. चौदाच्या वेगानं गेलो तर रविवारी सकाळी मी घरात असतो. साडेबारानं गेलो तर सोमवारी दुपारनंतर. दीड दिवसाचा फरक, आणि तो सगळा त्या शिक्क्यात. गणित दोनदा केलं. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कॅप्टन उत्तरेकडचा, मोठ्या मनाचा माणूस. धक्क्यावरची जागा हुकू नये म्हणून त्यालाही घाई होती. गिरणीचं सगळं त्याला ठाऊक होतं, जेवताना मीच सांगितलं होतं. एका दुपारी तो इंजिनखोलीच्या केबिनमध्ये येऊन बसला.

"चीफसाब, थोडा और नहीं होगा?"

"शिक्क्यापर्यंत टेकलंय."

"मौसम का बहाना लिख देंगे."

मी वर बोट दाखवलं. वर समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा सपाट होता.

"आपका ही तो घर जल्दी आएगा," तो म्हणाला.

"म्हणूनच नको," मी म्हणालो. त्याला मराठी येत नव्हतं, पण ते कळलं. चहा पिऊन तो वर गेला आणि पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

यात मोठेपणा काही नाही. केप ऑफ गुड होपच्या बाजूला वाऱ्यात सापडून जहाज किनाऱ्याकडे ढकललं जात असेल, तर मी क्षणभर न थांबता तो शिक्का तोडेन. त्यासाठीच तो तोडता येईल असा ठेवलाय. पण माझ्या वडिलांना एक इंजिन चालवून बघायचंय, हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं? काकीकडे कधी आम्ही खोटी पोती सांगून खिळा मागितला नव्हता. मागितला असता तर तिनं दिलाही असता, आणि पुढच्या वेळी वाडीच्या बाया खरंच अडकल्यावर तिनं मांडणीकडे बघितलंही नसतं.

तरी त्या दिवसांत मी गरजेपेक्षा जास्त वेळा त्या अडसरापाशी जाऊन उभा राहिलो. दांडा येऊन त्याला टेकलेला असे. हात लावला की बारीक थरथर जाणवे.

सोमवारी सकाळी गुजरातच्या विमानतळावरून घरी फोन केला. बायको म्हणाली, "टेंपो आलाय." तेवढ्यात विमानात बसायला बोलावलं. मुंबईत उतरल्यावर मी फोन केला नाही. गाडी केली आणि निघालो. हायवे सोडून चौकला वळलो तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येक टेंपोत वाकून बघत होतो. एकात लोखंडी चाक दिसलं म्हणून ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. ते उसाच्या चरकाचं निघालं.

गिरणीपाशी उतरलो तर टेंपो रस्त्यावरच उभा होता, रिकामा. त्याच्या सावलीत ड्रायव्हर आणि दोन माणसं बसून भाकरी खात होती. भाकरी काकीच्या घरची होती, ते मागून कळलं.

इंजिन बाहेर काढायला वाट काकीच्या अंगणातूनच होती. गिरणीचं पुढचं दार अरुंद, ती पुढची भिंत बाबांनी इंजिन बसवल्यावर बांधलेली; रुंद दार होतं ते काकीच्या अंगणात उघडायचं. काकीच्या त्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडपत्र्या अंथरल्या होत्या, त्यांवर उकडलेलं भात पसरलं होतं, आणि कडेला पाटावर हातात काठी घेऊन काकी बसली होती. पदर डोक्यावर, ऊन तोंडावर.

"काकी, हे काय?"

"भात हाय. दिसत नाय? उकडलं. वाळाय घातलं."

ड्रायव्हर उठून आला. "साहेब, सकाळपासून वाळतंय. टेंपो आत घेऊ देत नाय मावशी."

"ओल्या भातावरून टेंपो नेणार काय रं तू?" काकी म्हणाली. "वाळलं म्हंजे उचलीन. उन्हाला मी काय हाकू?"

बाबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण टोपी काढून पुन्हा घातली. "मी सांगितलं वैनींना," ते म्हणाले, "भात उचला म्हणून."

"सांगितलं," काकी म्हणाली. "हळू सांगितलं."

मग तिनं मूठभर भात उचलून दोन दाणे दाताखाली घातले. "वाळलं बघ. आता भरडायचं कुठं, पोरा? चौकला नेऊ?"

ड्रायव्हरसकट आम्ही सगळ्यांनी मिळून भात गोळा केलं. दोन पोती भरली. मी कपडे बदलले, इंजिनाला पाणी भरलं, डिझेल बघितलं, पट्टा चढवला. बाबांनी पकड घेतली आणि खिळ्याला लावली. खिळा गंजून लाकडात रुतला होता. मी दोन थेंब डिझेल सोडलं, तरी बाबांचे हात घसरत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. बऱ्याच वेळानं खिळा आला. ते काकीच्या दारात गेले. मी मागे उभा होतो.

"वैनी," ते म्हणाले. पुढचं ठरलेलं वाक्य त्यांना म्हणता येईना. अडकलेल्या बाया नव्हत्या.

"किती पोती?" काकीनं विचारलं.

"दोन. तुमचीच."

काकी उठली. भांडी उतरवू लागली. तिचे गुडघे दुखत असल्यानं माझी बायको तिला मदत करायला गेली. सगळी उतरली, पण झरोक्यासमोर येणारं एक ताट तिनं फळीवर तसंच उभं ठेवलं. बायको ते घ्यायला गेली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कळाया नको?"

पहिल्या खेपेला माझं हँडल कमी पडलं. दुसऱ्या खेपेला बाबांची कळ उशिरा पडली. ड्रायव्हर म्हणाला, "आमी मारू का?" दोघांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या खेपेला मी डोळे मिटून हँडल मारलं, "हां" ऐकू आलं, आणि ठोका बसला. पत्र्यावरून कोंडा पडला. बाबांनी इंजिन थोडं गरम होऊ दिलं, मी पोतं ओतलं, भात हलरमध्ये, भरडायच्या यंत्रात, उतरू लागलं. मग बाबांनी दांडी धरली आणि उजवीकडे ढकलली. जिथं खिळा होता तिथं पट्टीला भोक दिसत होतं. दांडी त्याच्या पुढे गेली. शेवटपर्यंत गेली.

ठोके बदलले नाहीत.

मी कान देऊन ऐकलं. एकेक ठोका सुटाच ऐकू येत होता. आयुष्यभर इंजिनं ऐकलेल्या माणसाला यात शंका उरत नाही. पंप झिजला, रिंगा झिजल्या, की दांडी कितीही ढकला, इंजिन तेवढंच पळतं. खिळ्यानं अडवावं इतकी ताकद त्याच्यात कधीपासून नव्हती, कुणास ठाऊक. कित्येक हंगाम दांडी नुसती खिळ्याला टेकत असेल, सवयीनं. बाबांनी दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते ती अजून ढकलत होते, जागा संपली होती तरी. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत असणार. झरोक्यातून मला काकीच्या फळीवरचं ताट दिसत होतं. ते हललंसुद्धा नव्हतं.

काकी गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. मुठीत खिळा.

"काढलात नं खिळा?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"काढला," बाबा म्हणाले.

"पुरती ढकललीत?"

"पुरती."

तिनं बाबांच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताट वाजलं," ती म्हणाली. "लई वाजलं. मेलं खाली पडायचं ऱ्हायलं."

बाबांनी मान वळवली. "वाजलं?"

"मग? बहिरी हाय काय मी तुमच्यासारखी?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. "तू ऐकलंस?"

मी आकड्यांत चूक ठेवत नाही. घरात सगळे त्यावरून हसतात. झरोक्यातून ताट अजून दिसत होतं.

"ऐकलं," मी म्हणालो.

बाबांनी दांडीवरचा एक हात काढला. दुसरा तसाच ठेवून ते पूर्वीसारखे सरळ उभे राहिले, दोन्ही पोती होईपर्यंत. मग त्यांनी दांडी मागे घेतली आणि इंजिन बंद केलं. चाक आपल्या वेळानं थांबलं. काकीनं सुपात तांदूळ घेऊन पाखडून बघितला आणि कणी किती आहे ते मुद्दाम सांगितलं नाही.

टेंपो अंगणात आला. माणसांनी दोर लावले. बाबा ओट्यावर बसले होते आणि काकी अजून मूठ मिटून उभी होती.

"भावजी, ह्यो कुणाला देऊ?" तिनं मूठ उघडली.

बाबांनी खिळ्याकडे बघितलं. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "भायेर असला की तुमच्याकडंच असतो."

ती घरात गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येऊ लागला. ती ताटं परत लावत होती.